पाच रुपयांचा पुडा, आयुष्यभराची गोळी

आधी एक साधा हिशेब मांडू. एका रुपयात किती कॅलरी मिळतात? साखर 45 रुपये किलो धरली, तर किलोभर साखरेत चार हजार कॅलरी, म्हणजे रुपयाला जवळपास 90. तेल दीडशे रुपये लिटर धरलं, तर रुपयाला 50 च्या पुढे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा 50 ग्रॅमचा असेल, तर रुपयाला 45. आता बांगडा घ्या. 200 रुपये किलोने मिळाला आणि डोकं, पोट, काटे वजा जाता सहाशे ग्रॅम खाण्याजोगा निघाला, तर रुपयाला तीन-चार कॅलरी. पंधरा रुपयांची लाल माठाची जुडी निवडून उरते तेवढी धरली, तर रुपयाला चार-पाच. भाव रत्नागिरीत वेगळे, मालवणात वेगळे, आणि मासळीचे तर सकाळचे वेगळे नि दुपारचे वेगळे. तुमच्या बाजारातले आकडे घालून बघा. अंतर दहापटीच्या खाली सहसा येणार नाही.

लठ्ठपणाचा विषय निघाला की आपण लगेच माणसाच्या जिभेला दोष देतो. तोंडावर ताबा नाही, अंग हलवायला नको, असं म्हणून मोकळे होतो. पण ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत आणि ज्याला पोट भरायचं आहे, त्याला बाजारच साखर, तेल आणि मैद्याकडे ढकलतो. मासळी, भाजी, फळं, अंडी या गोष्टी रुपयामागे थोडी ऊर्जा आणि पुष्कळ पोषण देतात. साखर-तेलाचं उलटं आहे. म्हणून जगभर दिसतं ते असं: देश गरीब असतो तोवर लठ्ठपणा श्रीमंतांकडे असतो, आणि देश सावरला की तो हळूहळू गरिबांच्या घरात शिरतो. आपण या वाटेवर मध्येच कुठेतरी आहोत, आणि कोकणात ही वाटचाल फार जवळून दिसते.

नाचणी आणि कुळीथ मात्र या हिशेबात मुळीच मार खात नाहीत, हे सांगायला हवं. पन्नास रुपये किलोची नाचणी रुपयाला साठेक कॅलरी देते, वर चोथा आणि कॅल्शियम. कुळथाच्या एका किलोत दोनशे ग्रॅमच्या पुढे प्रथिनं असतात. मग कोकणातल्या घरांत भाकरीची जागा खारी-टोस्टने का घेतली? कारण अन्नाला दोन किमती असतात. एक दुकानात मोजायची, दुसरी चुलीपाशी. भाकरी थापायला पीठ दळून आणायला लागतं, उकड काढायला लागते, उभं राहायला लागतं, आणि ती गरम असतानाच खायला कुणी तरी घरात असायला लागतं.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत घटली. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईला, पुण्याला, आखातात. गणपती-शिमग्याला घर भरतं, एरवी मागे राहतात म्हातारी माणसं. वाडीत एकट्या राहणाऱ्या आजीचा संध्याकाळचा विचार करा. एका माणसासाठी भात, पिठी आणि भाजी करायची म्हणजे तीन भांडी, तेवढाच गॅस, तेवढाच वेळ, जितका चार माणसांना लागला असता. चार माणसांत वाटला जाणारा स्वयंपाकाचा खर्च आता तिच्या एकटीवर येतो. चहात दोन चमचे साखर घालून चार बिस्किटं बुडवली की जेवण झालं. मुलगा मुंबईहून फोन करतो, "आई, जेवलीस काय?" आणि ती हो म्हणते. ती खोटं बोलत नाही. तिच्या हिशेबाने ती जेवलेलीच असते.

दुसऱ्या बाजूला खर्च होणारी ऊर्जा कमी झाली. लावणी, बेणणी, झोडणी, विहिरीवरून पाणी, डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन घाटी चढणं यांत दिवसाच्या कॅलरी जळून जायच्या. तेव्हा उकड्या तांदळाची पेज दोन वेळा प्यायली तरी ती अंगाला लागत नव्हती. आता घरात नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे, दारात स्कूटर आहे, शेत पडीक आहे आणि बागेत काम करायला बाहेरचे मजूर आहेत. याचं दुःख करण्यात अर्थ नाही. जात्यावर दळणारी बाई निरोगी होती असं म्हणणाऱ्यांनी तिच्या कमरेचं दुखणं पाहिलेलं नसतं. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर कॅलरी मिळवणं स्वस्त झालं आणि जाळणं महाग. पूर्वी अंगमेहनतीचे पैसे मिळायचे. आता चालायला वेळ काढायचा तर तो पदरचा मोडून.

किती लोकांची ही गोष्ट आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. त्याच सर्वेक्षणात 18.7 टक्के स्त्रिया आणि 16.2 टक्के पुरुष गरजेपेक्षा हडकुळे होते. दोन्ही प्रश्न एकाच देशात, एकाच किनाऱ्यावर, कधी कधी एकाच घरात. उत्तर कोकणात पालघरच्या जव्हार-मोखाड्यात मुलांचं कुपोषण अजून हटलेलं नाही, आणि तिथून दोन-अडीच तासांवर वसई-विरारमध्ये मुलांचं वजन कसं आटोक्यात ठेवायचं हे विचारत आईबाप दवाखान्यात बसलेले असतात. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा आकडा आणखी बोलका आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात देशभरात मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के होतं, आणि सर्वांत वर होतं गोवा: 26.4 टक्के. सावंतवाडीपासून गोव्याची हद्द किती लांब आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

वजनाच्या काट्यावर फार विसंबू नये, याचं कारण पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजन मोजणारा त्यांचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे, अशी आपली ठेवण आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांमध्येही त्यांना हेच दिसलं: वजन कमी, पण पोटाभोवती आणि कातडीखाली चरबी त्या मानाने जास्त. आईचं पोट नीट भरलेलं नसताना वाढलेलं बाळ पुढे स्वस्त कॅलरींच्या बाजारात येऊन पडलं, की त्याचं शरीर त्या झेपवू शकत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक 23 च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात, आणि त्याहून सोपं माप म्हणजे कंबर: पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत. शिंप्याची टेप पुरते.

आता खर्चाकडे येऊ. सरकारने लोकांच्या खाण्यापिण्यात का पडावं, हा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये याचं उत्तर सरळ आहे. तिथे उपचार सरकारी तिजोरीतून होतात, तेव्हा एकाच्या आजाराचा भार सगळ्यांवर पडतो. एकाच्या वागण्याचा खर्च दुसऱ्याने उचलायचा असेल, तर त्या दुसऱ्याला बोलायचा हक्क पोचतो. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. आधीच्या मानाने हे प्रमाण बरंच उतरलं आहे, तरी मोठं आहे. त्यामुळे आपल्याकडचं नुकसान तिजोरीत कमी आणि घरात जास्त दिसतं. ते बँकेतल्या मोडलेल्या ठेवीत दिसतं, विकलेल्या बागायतीत दिसतं, बापाच्या पायाच्या जखमेसाठी नोकरी सोडून गावी आलेल्या मुलात दिसतं.

शिवाय पैसा नेमका उशिरा मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्यात डायलिसिस आहे, हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजना चांगली आहे, तिने माणसं वाचवली आहेत. पण ती रुग्णालयात भरती झाल्यावर सुरू होते. त्याआधीची वीस वर्षं, जेव्हा रोजची गोळी, वर्षातून दोन-चार तपासण्या आणि थोडा सल्ला एवढ्यावर भागलं असतं, ती या योजनेच्या बाहेर राहतात. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत, हे खरं. पण गोळी फुकट असली तरी तिच्यापर्यंत पोचणं फुकट नाही. सड्यावरच्या वाडीतून सकाळची एसटी धरायची, रांग लावायची, परतीची एसटी दुपारनंतर. दिवस गेला. काजू सोलायला जाणारी बाई त्या दिवशीची मजुरी घालवून मोफत गोळी आणते. महिना-दोन महिने हे जमतं, मग "आता बरं वाटतंय" म्हणून सुटतं. 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आणि बायकांना अर्ध्या तिकिटात हे निर्णय प्रवासासाठी झाले असले, तरी माझ्या मते या राज्यात मधुमेहाच्या रुग्णांना झालेली ती मोठी मदत आहे. तीच मदत तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन आणि आशाताईंच्या हाती वाडीतच पोचवून कितीतरी वाढवता येईल.

लोक स्वतःच विचार करून खातील की, असा आक्षेप असतो. काही अंशी खरा आहे. पण आजचा घास आणि वीस वर्षांनंतरचं दुखणं यांत माणूस नेहमी आजच्या घासाला जास्त मोल देतो, श्रीमंतही आणि शिकलेलाही. त्यात गिऱ्हाईक आठ वर्षांचं असेल आणि जाहिरात त्याच्या आवडत्या खेळाडूने केलेली असेल, तर विचार करून निवड केली असं म्हणण्यात काही राम उरत नाही.

मग उपाय काय? सर्वांत जास्त अभ्यास झालेला उपाय म्हणजे कर. मेक्सिकोने जानेवारी 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरला एक पेसो कर बसवला, किंमत साधारण दहा टक्क्यांनी चढली. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी झाली, दुसऱ्या वर्षी दहाच्या जवळ. घट सर्वांत जास्त गरीब घरांत होती. इथे एक जुना वाद आहे. असा कर गरिबाच्या कमाईचा मोठा वाटा खातो, म्हणून तो अन्यायाचा. हिशेब फक्त करापुरता केला तर खरं आहे. पण पेय सोडून देणारा तो कर भरतच नाही, आणि टळलेल्या आजारपणाचा फायदाही त्यालाच जास्त मिळतो, कारण आजारपण परवडत नाही ते त्यालाच. करातून आलेला पैसा शाळांत पिण्याच्या स्वच्छ पाण्यासाठी वापरला, तर हा आक्षेप आणखी बोथट होतो.

इंग्लंडने एक पाऊल पुढे टाकलं, आणि मला हा सगळ्यांत शहाणपणाचा नमुना वाटतो. तिथे मार्च 2016 मध्ये कर जाहीर झाला आणि एप्रिल 2018 मध्ये लागू झाला. मधल्या दोन वर्षांची मुदत मुद्दाम दिली होती. कर साखरेच्या प्रमाणावर होता: 100 मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमच्या खाली साखर असेल तर काहीच नाही, पाच ते आठ ग्रॅमवर लिटरला 18 पेन्स, आठच्या वर 24 पेन्स. कंपन्यांनी काय केलं? बहुतेकांनी साखरच कमी केली. 2015 ते 2020 या काळात कराच्या कक्षेतल्या पेयांमधली सरासरी साखर 40 टक्क्यांहून जास्त उतरली. गिऱ्हाइकाने काही सोडलं नाही, कुणी त्याला उपदेश केला नाही. कारखान्यातली पाककृती बदलली.

आता आपल्याकडचं बघा. जीएसटी आला तेव्हापासून गॅसवाल्या शीतपेयांवर 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून थेट 40 टक्के आहे. भार मोठा आहे, पण तो साखर बघत नाही. साखर घाला, बिनसाखरेचं करा, कर तोच. मग कंपनीने साखर का कमी करावी? त्याच दिवशी फळांच्या रसाच्या बिनगॅसच्या पेयांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. बाटलीतल्या आंब्याच्या पेयांमध्ये 100 मिलिलिटरला 12 ते 15 ग्रॅम साखर सर्रास असते. म्हणजे बिनसाखरेचा कोला 40 टक्क्यांत आणि साखरेचं आंबापेय 5 टक्क्यांत. बिस्किटं आणि चॉकलेट 18 वरून 5 वर आली, पाकीटबंद फरसाण-शेव 12 वरून 5 वर. घरखर्च हलका करायचा हा हेतू मी समजू शकतो, पण आरोग्याच्या बाजूने बघणारं त्या टेबलावर कुणी होतं का, असा प्रश्न पडतो.

पाच रुपयांच्या पुड्याचं तर वेगळंच गणित आहे. त्याची किंमत नाण्याला बांधलेली असते. साडेचार रुपये सुटे कोण देणार? म्हणून खर्च वाढला की कंपन्या किंमत तीच ठेवून ग्रॅम कमी करतात, आणि कर उतरला की ग्रॅम वाढवतात. सप्टेंबर 2025 नंतर अनेक कंपन्यांनी छोट्या पुड्यांचं वजन वाढवण्याची भूमिका घेतली. ग्राहक म्हणून तो प्रामाणिक व्यवहार आहे. पण पोराच्या हातात त्याच पाच रुपयांत आता जास्त तळलेलं येतं.

साखरेवर कर म्हटलं की कोकणातून लगेच एक रास्त प्रश्न येईल: आमच्या कोकम सरबताचं काय? बचत गटाच्या बायका उन्हाळ्यात सरबत करून चार पैसे मिळवतात, आणि सरबताचं सिरप म्हणजे निम्म्याहून जास्त साखर. इंग्लंडच्या कायद्यात याचं उत्तर आहे. वर्षाला दहा लाख लिटरच्या खाली माल काढणाऱ्या छोट्या उत्पादकांना तिथे करातून सूट दिली आहे. आपल्याकडे अशी मर्यादा ठेवली तर बचत गट सहज वाचतील. आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, तर कराचं कारणच नाही, त्यात साखर नसते. सोलकढीच्या वाटीला कुणी हात लावणार नाही.

कर फसतातही. डेन्मार्कने ऑक्टोबर 2011 मध्ये लोणी, चीज, मांस अशा पदार्थांतल्या संपृक्त चरबीवर कर लावला. लोक लोणी आणायला जर्मनीला जाऊ लागले, उद्योगाने ओरड केली आणि जानेवारी 2013 पासून कर मागे घेतला. बांद्याच्या चेकनाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या तिथल्या स्वस्त दारूसाठी तपासतात हे ज्याला माहीत आहे, त्याला डेन्मार्कचं वेगळं समजावून सांगायला नको. केरळने 2016 मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के कर लावला होता. पण तो मोजक्या दुकानांवर होता, रस्त्यावरचं तळण मोकळं होतं, आणि वर्षभरात जीएसटी आल्यावर तो त्यात विरून गेला. त्यानंतर अशा करांचा निर्णय एकट्या राज्याच्या हातात राहिलेला नाही. महाराष्ट्राला पटलं तरी जीएसटी परिषदेत बाकीच्या राज्यांना पटवावं लागेल. म्हणजे आजारपण सांभाळायचं राज्याने आणि कराची दोरी परिषदेच्या हाती.

करापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू: चांगलं अन्न स्वस्त करणं. सरकार अन्नावर आधीच प्रचंड पैसा खर्च करतं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि 2023 पासून ते मोफत आहे. भुकेवर याचा उपयोग मोठा, त्याला हात लावू नये. पण रेशनवर मुख्यतः पांढरा तांदूळ आणि गहूच येतो. कर्नाटकाच्या दक्षिण भागात रेशनवर नाचणी देतात, ओडिशाने 2017 पासून भरडधान्याची मोहीम चालवून ती रेशनपर्यंत नेली. आपल्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी पूर्वापार पिकते. 2025-26 साठी नाचणीचा हमीभाव 4,886 रुपये क्विंटल आहे, भाताच्या दुपटीहून जास्त. पण हमीभाव कागदावर असून भागत नाही, गावाजवळ खरेदी केंद्र लागतं. ते असेल तर पडीक वरकस जमीन पुन्हा लागवडीखाली येईल आणि नाचणी रेशनच्या पिशवीत. एका खर्चात दोन कामं.

शाळेच्या जेवणाचंही तसंच. राज्याने 2023 च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून लोकसहभागातून सोय करायला सांगितलं. ज्या गावांत चाकरमानी देणगी देतात तिथे अंडं राहील. जिथे त्याची सर्वांत जास्त गरज आहे, तिथे देणगी देणारं कोण आहे? हा निर्णय मला चुकीचा वाटतो. पाव डझन पुडे खाऊन जे पोराच्या अंगाला लागत नाही, ते त्या एका अंड्यात असतं.

आणि मासळी. जून-जुलैच्या बंदीत सुकट, सोडे, सुके बांगडे यांवर घर चालतं, ते प्रथिनाचं जुनं आणि स्वस्त साधन. पण एरवीही गरिबाची मासळी समजली जाणारी तारली पश्चिम किनाऱ्यावर फिशमीलच्या कारखान्यांकडे वळते, तिथे तिचं कोळंबी आणि कोंबड्यांचं खाद्य होतं. बंदरावर एकरकमी टनांनी घेणारा असताना पाटीवालीला कोण थांबेल? किनाऱ्यावरच्या माणसाला मासे महाग का, याचं थोडं उत्तर तिथे आहे.

पाकिटावरच्या इशाऱ्यांबद्दल थोडक्यात. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के लावले, मुलांना दाखवायच्या जाहिरातींवर बंधनं आणली आणि असे पदार्थ शाळांतून काढले. शिक्का बसलेल्या पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी उतरली. भारतात 2022 मध्ये पाकिटांवर तारे छापायच्या नियमांचा मसुदा आला: जितके तारे जास्त, तितका पदार्थ चांगला. त्यात सुकामेवा किंवा चोथा घातला की साखर असूनही तारे वाढतात. बिस्किटात चार काजू टाकले म्हणून त्याला जास्त तारे द्यायचे, हे काजूच्या मुलखातल्या माणसालाही पटू नये. काळा शिक्का लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळतो.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं 2025 मध्ये भारतात आली. ज्यांना गरज आहे त्यांना ती मिळावीत, किंमत उतरावी. पण आलं तेव्हा आठवड्याला काही हजार रुपये पडणारं औषध हा वाडीतल्या आजीच्या संध्याकाळचा उपाय नव्हे.

शेवटी, जो नियम आजच हातात आहे त्याविषयी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. मालवण तालुक्यात शाळेजवळच्या एका दुकानात मी उभा होतो. छतापासून गुडघ्यापर्यंत पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, कोपऱ्यात कंपनीने दिलेला फ्रीज. "काका, केळी का नाही ठेवत?" असं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, "पोरां शाळेतसून इली की आधी हीच माळ धरतत. केळी ठेवली तर दोन दिसांत काळी पडतत, मगे ती कोण घेतलो?" त्यांचं बरोबर आहे. पुडा सहा महिने टिकतो, टेम्पोवाला उधारीवर देतो, मुदत संपली तर बऱ्याचदा बदलूनही देतो. केळ्याचा, उकडलेल्या अंड्याचा, घरच्या चिक्कीचा सगळा धोका दुकानदाराच्या अंगावर. नुसता 50 मीटरचा नियम दाखवून त्यांची कमाई काढून घेतली, तर तीच माळ 51 व्या मीटरवर लटकेल. बचत गटाने रोज केळी, अंडी, शेंगदाण्याची चिक्की पोचवायची आणि न खपलेला माल परत घ्यायचा अशी सोय केली, तर दिवसाला डझनभर केळी वाया गेली तरी नुकसान पन्नास-साठ रुपयांचं. महिन्याच्या पंचवीस शाळेच्या दिवसांचे फार तर दीड हजार. ही रक्कम जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून भरून देता येते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीने तसा ठराव मांडावा, आणि ठरावात दुकानदाराचं नाव सहभागी म्हणून घालावं.